मोसमी पाऊस : जाणून घेण्याजोगे काही

भारतात वर्षभरात पडणाऱ्या एकूण पावसापैकी सुमारे तीन चतुर्थांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. देशातील जवळपास निम्मे पिकाखालील क्षेत्र आजही या पावसावरच अवलंबून आहे. धरणांतील साठा, विहिरींची पातळी, वीजनिर्मिती, धान्याचे भाव आणि सरकारी अंदाजपत्रक या सर्वांशी या चार महिन्यांचा संबंध येतो. हा पाऊस कोठून येतो, त्याचे भाकीत कसे केले जाते आणि ते कधी कधी का चुकते, हे प्रश्न म्हणूनच केवळ जिज्ञासेचे राहत नाहीत. भूगोल, सागरविज्ञान, इतिहास आणि साहित्य या सर्वांना स्पर्श करणाऱ्या मोसमी पावसाविषयीची काही महत्त्वाची माहिती येथे संकलित केली आहे.

शब्दाचा प्रवास

'मान्सून' हा शब्द ऋतू या अर्थाच्या 'मौसिम' या अरबी शब्दापासून आला आहे. अरब दर्यावर्दी हा शब्द समुद्रप्रवासाच्या हंगामासाठी वापरत. पोर्तुगीजांनी तो उचलला आणि त्यांच्यामार्फत तो युरोपीय भाषांत गेला. मराठीतील 'मोसम' आणि हिंदीतील 'मौसम' हे शब्द याच मुळापासून आलेले असल्याने 'मान्सून' आणि 'मोसमी' हे एकाच घरातील दोन शब्द होत.

शास्त्रीय परिभाषेत मान्सून म्हणजे पाऊस नव्हे. ऋतूनुसार दिशा बदलणारे वारे म्हणजे मान्सून. जून ते सप्टेंबर या काळात हे वारे नैर्ऋत्येकडून वाहतात, तर हिवाळ्यात ते ईशान्येकडून वाहतात. तामिळनाडूच्या किनारपट्टीला वर्षातील सर्वाधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांपासून मिळतो. उर्वरित देशात शरद ऋतूचे चांदणे पडलेले असताना चेन्नईत पावसाळा सुरू असतो, याचे कारण हेच.

वारे दिशा का बदलतात?

या प्रश्नाचे पहिले शास्त्रीय उत्तर १६८६ साली एडमंड हॅली या इंग्रज शास्त्रज्ञाने दिले. ज्याच्या नावाने प्रसिद्ध धूमकेतू ओळखला जातो, तोच हा हॅली. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरील हवा धावत येते, असे त्याने मांडले. किनाऱ्यावर दिवसा खारे वारे आणि रात्री मतलई वारे वाहतात. तोच प्रकार येथे ऋतुमानाच्या प्रमाणावर घडतो, अशी ही कल्पना होती. पुढे १७३५ मध्ये जॉर्ज हॅडली याने वाऱ्यांच्या दिशेवर पृथ्वीच्या परिवलनाचा परिणाम होतो, हे दाखविले.

हॅलीचे उत्तर आजही पाठ्यपुस्तकांत आढळते, परंतु ते अपुरे ठरले आहे. भारतातील जमीन सर्वाधिक तापते ती मे महिन्यात, पाऊस पडण्यापूर्वी. पाऊस सुरू झाल्यावर जमीन थंड होते, तरीही मोसमी वारे थांबत नाहीत. विषुववृत्ताजवळ पृथ्वीभोवती असलेला ढगांचा आणि कमी दाबाचा पट्टा सूर्याच्या मागोमाग उत्तरेकडे सरकून भारतीय भूमीवर येतो व त्यामुळे पाऊस पडतो, असे अलीकडील शास्त्रज्ञ मानतात. हिमालय आणि तिबेटचे पठार यांचाही या यंत्रणेत मोठा वाटा आहे.

या वाऱ्यांचा मुख्य मार्ग आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळून जातो. दक्षिण गोलार्धातून आलेले वारे केनियाजवळ विषुववृत्त ओलांडतात, सोमालियाच्या किनाऱ्यालगत वळण घेतात आणि अरबी समुद्रावरून भारताकडे झेपावतात. जमिनीपासून सुमारे एक ते दीड किलोमीटर उंचीवर या वाऱ्यांचा वेगवान झोत असतो. १९६९ साली फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञाने त्याचे सविस्तर वर्णन केल्यामुळे तो त्याच्या नावाने ओळखला जातो. या वाऱ्यांच्या जोराने सोमालियाजवळचा सागरी प्रवाहसुद्धा दिशा बदलतो. तो उन्हाळ्यात उत्तरेकडे, तर हिवाळ्यात दक्षिणेकडे वाहतो. वर्षातून दोनदा दिशा पालटणारा एवढा मोठा प्रवाह हे हिंदी महासागराचे खास वैशिष्ट्य होय.

वाऱ्यावर चाललेला व्यापार

शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी खलाशांना हे वारे ठाऊक होते. हिप्पालस नावाच्या एका नाविकाने खुल्या समुद्रातून थेट भारतात येण्याचा मार्ग शोधला, असे ग्रीक-रोमन परंपरा सांगते. भारतीय आणि अरब नाविक मात्र त्याआधीपासून या वाऱ्यांचा उपयोग करीत असावेत, असे अनेक इतिहासकारांचे मत आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवृत्तात भडोच, सोपारा, कल्याण आणि केरळातील मुझिरिस या बंदरांचा उल्लेख आहे. यांपैकी सोपारा म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील नालासोपारा.

वाऱ्याची वेळ पाळणे आणि न पाळणे यांत किती अंतर होते, हे वास्को द गामाच्या पहिल्या सफरीवरून कळते. एप्रिल १४९८ मध्ये आफ्रिकेतील मालिंदी येथून माहीतगार वाटाड्या घेऊन निघालेली त्याची जहाजे साधारण साडेतीन आठवड्यांत कालिकतजवळ पोहोचली. परतीच्या वेळी अनुकूल वाऱ्यांची वाट न पाहता तो निघाला आणि तोच समुद्र ओलांडण्यास त्याला सुमारे तीन महिने लागले. या काळात स्कर्व्ही रोगाने त्याचे अनेक खलाशी दगावले.

पश्चिम किनाऱ्यावरील कोळी समाज नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात लोटतो, त्यामागेही खवळलेला समुद्र शांत होऊ लागल्याची हीच जुनी जाण आहे. सध्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. ती मुख्यतः माशांच्या प्रजननकाळासाठी असली तरी तिचा काळ याच परंपरेशी जुळतो.

ग्रंथांतील पाऊस

पाऊस मोजण्याची पद्धत भारतात प्राचीन काळापासून होती. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त कोठाराच्या पुढे एक हात रुंदीचे भांडे ठेवून पाऊस मोजावा, असे सांगितले आहे. 'द्रोण' या मापात निरनिराळ्या प्रदेशांचे पर्जन्यमानही त्यात दिले आहे. कोरड्या जांगल प्रदेशासाठी १६ द्रोण, गोदावरीकाठच्या अश्मक प्रदेशासाठी साडेतेरा द्रोण आणि अवंती म्हणजे माळव्यासाठी २३ द्रोण असे हे आकडे आहेत. अपरांत म्हणजे कोकणासाठी मात्र आकडा न देता 'अमित', म्हणजे मोजता न येण्याइतका पाऊस, असे म्हटले आहे. पावसाच्या मानानुसार पेरणी आणि करआकारणी ठरवावी लागत असल्याने ही मोजणी राज्यकारभाराचा भाग होती.

सहाव्या शतकातील उज्जैनचा ज्योतिर्विद वराहमिहिर याने 'बृहत्संहिते'त पावसाच्या भाकितावर स्वतंत्र अध्याय लिहिले. हिवाळ्यातील ढग, वारे व दव यांवरून मेघांची 'गर्भधारणा' ओळखावी आणि त्यानंतर १९५ दिवसांनी पाऊस अपेक्षावा, असा त्याचा सिद्धांत होता. आधुनिक शास्त्र तो स्वीकारत नाही. तथापि, काही महिने आधीच्या निरीक्षणांवरून पुढील पावसाचा अंदाज बांधावा, ही त्यातील मूळ कल्पना लक्षणीय आहे.

कालिदासाच्या 'मेघदूता'तील शापित यक्ष आषाढाच्या आरंभी रामगिरीवर ढग पाहतो आणि त्याला दूत करून हिमालयातील अलका नगरीकडे पाठवितो. काव्याच्या काही प्रतींत 'प्रथम' दिवसाऐवजी 'प्रशम' म्हणजे अखेरचा दिवस असा पाठ आढळतो आणि यावर टीकाकारांत जुना वाद आहे. रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, असे वा. वि. मिराशी यांच्यासह अनेक विद्वानांचे मत आहे. काही अभ्यासक मात्र छत्तीसगडमधील रामगड हे ते स्थळ मानतात. नर्मदा, विदिशा, उज्जयिनी, कुरुक्षेत्र असा या मेघाचा मार्ग आहे. मध्य भारतातून वायव्येकडे व उत्तरेकडे सरकणाऱ्या पावसाच्या प्रवासाशी तो साधारणपणे जुळतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

शेतकऱ्यांचे पर्जन्यज्ञान नक्षत्रांत साठविलेले आहे. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि हस्त अशी पावसाची नक्षत्रे होत. पुनर्वसूच्या पावसाला 'तरणा' आणि पुष्याच्या पावसाला 'म्हातारा' अशी नावे आहेत. महाराष्ट्रात सहदेव-भाडळीच्या आणि उत्तर भारतात घाघ-भड्डरी यांच्या नावावर असलेल्या उक्ती शेकडो वर्षे पाठ केल्या गेल्या. सूर्य मृग नक्षत्रात सध्या ७ किंवा ८ जूनच्या सुमारास प्रवेश करतो. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ गतीमुळे ही तारीख दर सुमारे ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. परिणामी, नक्षत्र व पाऊस यांचा मेळ हा कालगणनेचा एक सोयीचा संकेत आहे. नक्षत्रामुळे पाऊस पडतो, असे त्यावरून म्हणता येत नाही.

दुष्काळांतून उभी राहिलेली वेधशाळा

मद्रासची वेधशाळा १७९२ मध्ये, तर मुंबईतील कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये स्थापन झाली. कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाचीही निरीक्षणे घेतली जात. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर या निरीक्षणांत व्यत्यय येण्याची शक्यता निर्माण झाली. त्यामुळे १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबाग येथे नेण्यात आली. ती आजही तेथे कार्यरत आहे.

देशभराच्या निरीक्षणांसाठी एकच यंत्रणा असावी, ही निकड मात्र आपत्तींमुळे निर्माण झाली. १८६४ मध्ये कलकत्त्याला भीषण चक्रीवादळाचा तडाखा बसला. त्यापाठोपाठ १८६६ मध्ये ओरिसात मोठा दुष्काळ पडला. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे त्याचे पहिले प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी दख्खन व दक्षिण भारतात पावसाने दगा दिला. १८७६ ते १८७८ या काळातील त्या दुष्काळात लक्षावधी लोक मृत्युमुखी पडले. पावसाचे भाकीत करता येईल काय, हा प्रश्न त्यानंतर सरकारपुढे तातडीने उभा राहिला.

हिमालयात हिवाळ्यात अधिक बर्फ पडले, तर पुढील पावसाळा कमजोर राहण्याची शक्यता असते, असे ब्लॅनफर्ड यांना आढळले. त्या आधारे ४ जून १८८६ रोजी देशातील पहिला अधिकृत दीर्घकालीन पर्जन्य अंदाज जाहीर झाला. त्यांचे उत्तराधिकारी सर जॉन इलियट यांनी या अंदाजाचा विस्तार केला. परंतु १८९९ मध्ये चांगल्या पावसाचे भाकीत झाले आणि प्रत्यक्षात भीषण अवर्षण आले. विक्रम संवत १९५६ मध्ये पडल्यामुळे राजस्थान व गुजरातमध्ये तो 'छप्पनिया' दुष्काळ म्हणून आजही स्मरणात आहे.

हवामान विभागाचे मुख्यालय प्रारंभी कलकत्ता येथे होते. १९०५ मध्ये ते शिमला येथे, १९२८ मध्ये पुणे येथे आणि १९४४ मध्ये दिल्ली येथे हलविण्यात आले. पुण्यातील शिवाजीनगर भागातील या विभागाच्या इमारतीला 'शिमला ऑफिस' का म्हणतात, याचे उत्तर या स्थलांतरात आहे.

दूरच्या महासागराचा धागा

१८९९ च्या अपयशानंतर केंब्रिजचे गणितज्ञ गिल्बर्ट वॉकर यांना भारतात पाचारण करण्यात आले. १९०४ ते १९२४ अशी वीस वर्षे ते हवामान विभागाचे प्रमुख होते. श्रीनिवास रामानुजन यांच्या वह्या पाहून १९१३ मध्ये मद्रास विद्यापीठाकडे त्यांची शिफारस करणारे वॉकर ते हेच.

भारतातील पावसाचे कारण भारतातच असले पाहिजे असे नाही, हे वॉकर यांनी जाणले. जगभरातील हवेचा दाब, तापमान आणि पाऊस यांच्या नोंदी मागवून त्यांनी त्यांचा परस्परसंबंध गणिताने तपासला. संगणक नसलेल्या त्या काळात ही आकडेमोड कारकुनांच्या हातून करवून घेतली जात असे. प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागरावर तो घटतो आणि उलटही होते, असे त्यातून दिसले. तराजूच्या पारड्यांप्रमाणे चालणाऱ्या या क्रियेला त्यांनी १९२० च्या दशकात 'दक्षिणी आंदोलन' असे नाव दिले. त्याचे कारण मात्र त्यांना सांगता आले नाही.

ते कारण समुद्रात होते. दक्षिण अमेरिकेतील पेरूच्या किनाऱ्यावर काही वर्षी नाताळच्या सुमारास समुद्र उबदार होतो. तेथील कोळी त्याला 'एल निनो', म्हणजे बाळ येशू, म्हणत. प्रशांत महासागराच्या या तापण्याचा आणि वॉकर यांच्या आंदोलनाचा संबंध १९६९ मध्ये जेकब बर्कनेस यांनी स्पष्ट केला. एल निनोच्या वर्षी भारतात पाऊस कमी पडण्याची शक्यता वाढते, तर 'ला निना' या विरुद्ध स्थितीत चांगल्या पावसाची शक्यता वाढते.

तरीही हा नियम अटळ नाही. १९९७ मध्ये शतकातील अत्यंत तीव्र एल निनो असूनही भारतात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस पडला. त्याचा उलगडा करताना शास्त्रज्ञांचे लक्ष हिंदी महासागराकडे वळले. या महासागराचा पश्चिम भाग आफ्रिकेकडे उबदार आणि पूर्व भाग इंडोनेशियाकडे थंड झाल्यास भारतातील पावसाला साहाय्य मिळू शकते. १९९९ मध्ये 'हिंदी महासागरीय द्विध्रुव' या नावाने ही घटना जगासमोर आली. २०१९ मध्ये हा द्विध्रुव अतिशय प्रबळ होता व त्या वर्षी देशात सरासरीच्या ११० टक्के पाऊस झाला.

या महासागराचा आधुनिक अभ्यास १९६० च्या दशकातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेपासून वेगाने सुरू झाला. याच मोहिमेतून गोव्यातील दोना पावला येथे १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. पुण्यातील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था त्याआधी १९६२ मध्ये सुरू झाली होती. स्वतंत्र भारतात हवामानाची उपकरणे देशातच तयार व्हावीत यासाठी पुण्यातून मोलाचे काम करणाऱ्या ॲना मणी (१९१८–२००१) यांचे नावही या संदर्भात आदराने घेतले जाते.

अंदाज चुकतो तेव्हा

ज्येष्ठ शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली सोळा घटकांवर आधारित एक प्रारूप तयार करण्यात आले व १९८८ पासून ते वापरात आले. ठिकठिकाणचे तापमान, वाऱ्यांची स्थिती, हवेचा दाब, हिमाच्छादन आणि एल निनो यांचा त्यात समावेश होता. पुढील बारा-तेरा वर्षे देशात मोठे अवर्षण झाले नाही आणि या प्रारूपाला मोठी लोकप्रियता लाभली.

२००२ मध्ये सर्वसाधारण पावसाचा अंदाज असताना जुलै महिन्यात देशभरात सरासरीच्या निम्म्याहूनही कमी पाऊस पडला. संपूर्ण हंगामाची तूट १९ टक्के राहिली. पेरणी झालेली होती, खते-बियाण्यांवर खर्च झालेला होता आणि पिके ऐन वाढीच्या काळात सुकली. त्यानंतर जुने प्रारूप बाजूला ठेवून २००३ पासून नवी प्रारूपे स्वीकारण्यात आली. तथापि, २००९ मधील २२ टक्के तुटीचाही पूर्ण अंदाज आधी आला नाही.

मागील वर्षांच्या आकडेवारीवर आधारलेल्या पद्धतीला ही मर्यादा होती. १८८६ मध्ये बर्फ व पाऊस यांचा आढळलेला संबंध असो वा नंतरचे सोळा घटक असोत, जुने संबंध काळानुसार क्षीण होतात. यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'मान्सून मिशन'मध्ये समुद्र व वातावरण यांचे एकत्रित गणित महासंगणकावर मांडण्यावर भर देण्यात आला. पुण्यातील संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्यूष' आणि २०२४ मध्ये 'अर्क' हे महासंगणक कार्यान्वित झाले. २०२५ मध्ये देशाचे सहा किलोमीटरच्या चौकटींत विभाजन करून अंदाज देणारी 'भारत फोरकास्ट सिस्टिम' सुरू करण्यात आली.

पावसाची स्थळे

जगातील सर्वाधिक सरासरी पावसाची ठिकाणे म्हणून मेघालयातील मावसिनराम आणि चेरापुंजी म्हणजेच सोहरा यांची नावे घेतली जातात. दोन्ही गावे खासी टेकड्यांच्या दक्षिण उतारावर आहेत. बंगालच्या उपसागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे बांगलादेशाच्या सपाट प्रदेशावरून विनाअडथळा येऊन या टेकड्यांवर आदळतात. मावसिनरामचा वार्षिक सरासरी पाऊस सुमारे ११,८७० मिलिमीटर आहे. बारा महिन्यांतील सर्वाधिक पावसाचा जागतिक विक्रम मात्र चेरापुंजीच्या नावावर आहे. ऑगस्ट १८६० ते जुलै १८६१ या काळात तेथे २६ मीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. एवढा पाऊस पडूनही उतारावरून पाणी वाहून जात असल्याने हिवाळ्यात तेथे पाणीटंचाई भासते. शेतात काम करताना तेथील खासी लोक पाठीवर 'क्नुप' नावाचे बांबू व पानांचे आच्छादन घेतात. कोकणातील इरल्याशी त्याचे साम्य आहे.

सह्याद्रीमुळे महाराष्ट्रात पावसाची कमालीची विषमता आढळते. महाबळेश्वर येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुका मात्र पर्जन्यछायेत येतो व तेथील पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो. हिमालयापलीकडील लेह येथे तर वर्षभरात सुमारे शंभर मिलिमीटरच वर्षाव होतो.

उदयपूरच्या डोंगरावरील सज्जनगड हा महाल मेवाडचे महाराणा सज्जनसिंह यांनी १८८० च्या दशकात पावसाळी ढग न्याहाळण्यासाठी बांधावयास घेतला. आजही तो 'मान्सून पॅलेस' म्हणून प्रसिद्ध आहे.

एकाच शहरात पाऊस किती असमान पडू शकतो, हे २६ जुलै २००५ रोजी मुंबईने अनुभवले. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर दक्षिण मुंबईतील कुलाब्याला केवळ ७३ मिलिमीटर पाऊस पडला. या घटनेनंतर डॉप्लर रडार व स्वयंचलित पर्जन्यमापक यांची निकड सर्वांच्या लक्षात आली.

चक्रीवादळे आणि त्यांची नावे

'सायक्लोन' हा शब्द कलकत्त्यातील हेन्री पिडिंग्टन यांनी १८४८ च्या सुमारास रूढ केला. सापाच्या वेटोळ्याचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून त्यांनी तो घडविला. उत्तर हिंदी महासागरातील वादळांना नावे देण्याची पद्धत २००४ मध्ये सुरू झाली. पहिले नाव 'ओनिल' हे होते व ते बांगलादेशाने सुचविले होते. सध्या तेरा देश नावे सुचवितात. ३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलेल्या 'निसर्ग' वादळाचे नाव मराठी वाटले, तरी तेही बांगलादेशानेच दिलेले होते.

पूर्वसूचनेचे मोल ओडिशाने सर्वाधिक अनुभवले आहे. ऑक्टोबर १९९९ मधील महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार लोकांचा मृत्यू झाला. ऑक्टोबर २०१३ मध्ये 'फायलिन' हे अतितीव्र वादळ त्याच किनाऱ्यावर आले. त्यावेळी अचूक अंदाजाच्या आधारे लाखो लोकांना सुरक्षित स्थळी हलविण्यात आले आणि मृतांची संख्या दोन आकड्यांतच राहिली.

बातम्यांतील शब्दांचे अर्थ

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. हवामान विभाग पावसाची दैनंदिन नोंद सकाळी साडेआठ वाजता घेतो. दिवसभरात किमान अडीच मिलिमीटर पाऊस झाला, तरच तो 'पावसाचा दिवस' समजला जातो.

चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाल्यास तो 'मुसळधार', ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर झाल्यास 'अतिमुसळधार' आणि त्याहून अधिक झाल्यास 'अत्यंत मुसळधार' गणला जातो. पिवळा इशारा सावध राहण्याचा असतो, नारिंगी इशारा सज्ज राहण्याचा असतो आणि लाल इशारा तातडीने कृती करण्याचा असतो.

'सरासरी पाऊस' म्हणजे सध्या १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांतील जून ते सप्टेंबरची सरासरी होय. ती सुमारे ८७ सेंटिमीटर आहे. देशभरातील पाऊस या सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के असल्यास तो 'सर्वसाधारण' मानला जातो.

केरळात मोसमी पावसाच्या आगमनाची सर्वसाधारण तारीख १ जून, तर मुंबईत ११ जून आहे. २०२५ मध्ये तो केरळात २४ मे रोजी आणि मुंबईत २६ मे रोजी दाखल झाला. मुंबईतील उपलब्ध नोंदींत हे सर्वांत लवकर झालेले आगमन ठरले.

सरासरीपलीकडचा पाऊस

देशाची सरासरी पूर्ण झाली म्हणजे शेतकऱ्याची गरज भागली, असे होत नाही. पेरणीनंतर तीन आठवडे पाऊस नाही आणि काढणीच्या वेळी दोन दिवसांत महिन्याचा पाऊस, अशा हंगामाची बेरीजही कागदावर 'सर्वसाधारण' दिसू शकते. मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे पुण्यातील उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखालील संशोधनात २०१७ मध्ये आढळून आले. अरबी समुद्राचे वाढते तापमान व वाऱ्यांतील चढ-उतार यांच्याशी त्याचा संबंध असल्याचे या अभ्यासात म्हटले आहे.

या पार्श्वभूमीवर हंगामाच्या एकूण टक्केवारीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व आता जिल्हा व तालुका पातळीवरील पुढील दोन आठवड्यांच्या अंदाजाला आले आहे. पेरणी आज करावी की आणखी आठ दिवस थांबावे, फवारणी कधी करावी आणि धरणातून पाणी केव्हा सोडावे, या निर्णयांसाठी हाच अंदाज उपयोगी पडतो. कोठारापुढे भांडे ठेवून पाऊस मोजणाऱ्या प्राचीन अधिकाऱ्याला पेरणीचा निर्णय घ्यायचा होता. दोन हजार वर्षांनंतर उपग्रह आणि महासंगणक यांच्या साहाय्याने शोधले जात आहे, ते याच प्रश्नाचे उत्तर होय.